जास्त फॅट, जास्त दर

आपलं गाव, ता. उमरगा
चैत्र, १९८४

प्रिय मथुरा,

तुला जयभीम आणि माझा शरणार्थ. लेकाला-सुनेला आशीर्वाद सांग, नातीचा माझ्या वाटणीचा मुका घे. हे पत्र मात्र लेकाकडून वाचून घेऊ नकोस. तो पडला मास्तर, माझे ऱ्हस्व-दीर्घ बघूनच त्याला ठसका लागेल. तूच वाच. दम खात वाच, मध्ये चहा पी, पण शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या म्हशीचं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. ती व्याली. पारडी झालीय, काळीभोर, कपाळावर पिठाचं बोट लावल्यासारखा पांढरा ठिपका. चीक घरोघर वाटला, गंगम्माच्या घरी जास्तीचा दिला. पहिले काही दिवस म्हैस मला पान्हाच सोडेना. कास तटतटलेली, पण माझा हात लागला की लाथ. मग मी तुझ्या घरात दांडीवर राहिलेलं लुगडं काढलं, तेच नेसले आणि बसले दुधाला. तुझा वास आला तशी ती गप उभी राहिली. तुझं लुगडं माझ्या अंगाला दोनदा फिरून वर उरलं, ते कमरेला खोचलं. रागावू नकोस, म्हैस फसली हे महत्त्वाचं. आणि तू परंड्याहून निरोप धाडला होतास की तिच्या दुधाचा थेंब आपल्या दूध संस्थेत जाता कामा नये. गेला नाही. सगळ्याचं तूप कढवून बरणी भरून ठेवलीय. पण तू संस्थेची दुधाची किटली हातात घेऊन तशीच गाडीत बसलीस, ती परंड्यालाच आहे ना? माझा भाचा शिवशरण सांजच्याला किटल्या मोजतो आणि शेवटी म्हणतो, "आन् एक परंड्याला." बाया हसतात.

त्या दिवशीचं मी सगळं पहिल्यापासून लिहिते. तू रागात होतीस, तुला निम्मंच ऐकू आलं असेल. आणि ज्या गोष्टीसाठी तू उठून गेलीस ती तुझ्याच तोंडून निघालेली होती, हे मला तुझ्यासमोर मांडायचंय.

आठवतं का, गंगम्माच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिची दुभती म्हैस बाजारात गेली. बाई वाचली, पण म्हैस गेल्यावर दूध कुठलं आणि दूध नाही तर संस्थेत बसायची जागा तरी कुठली. ती दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जायला लागली, आणि सकाळी दुधाच्या वेळी आपल्या दारावरून मान खाली घालून जायची. तू मापाशी उभी होतीस. तू म्हणालीस, "सगळ्यांनी चमचा चमचा दूध दिलं असतं तर हिची म्हैस राहिली असती की गं." बस्स, तिथून आपला आजारपणाचा फंड निघाला. दर पगाराला प्रत्येकीच्या दुधाच्या पैशातून थोडं कापायचं आणि जिला दवाखाना लागेल तिला त्यातून द्यायचं. चेअरमन म्हणून नाव माझं लागलं, पण कल्पना तुझी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

शिवशरणला मी दोष देणार नाही. माझा भाचा म्हणून नव्हे. पोरगं सालस आहे, संस्थेचा सेक्रेटरी म्हणून जीव तोडून काम करतं. त्याला भीती ही, की फंड पहिल्याच वर्षी कोरडा पडला तर पुन्हा कुणी कशात पैसा घालणार नाही. म्हणून तो सोलापूरला जाऊन एका विम्यावाल्याला विचारून आला. त्यानं सांगितलं, की वय बघा, तंबाखू बघा, वजन बघा. ज्याचं अंग जास्त त्याला साखर होते, दम लागतो, गुडघे जातात, त्याच्यावर खर्च जास्त, तर त्यानं भरावंही जास्त. शिवशरण आला आणि त्यानं दूध घालताना सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या बैठकीला पेंडीच्या काट्यावर सगळ्यांचं वजन घेणार. ज्यांच्यात फॅट जास्त, त्यांचा दर जास्त."

आता तूच सांग, दूधवाल्या बाईला हे सांगितल्यावर तिनं काय समजावं? वर्षानुवर्षं आपल्याला एकच गोष्ट कळलीय. दुधाला फॅट जास्त लागली की दर जास्त मिळतो. कमी लागली की तोंड पाडून घरी जायचं. साऱ्या गावात बातमी पसरली, की संस्था आता बायांनाही फॅटवर पैसे देणार. पोटभर खाणारीला जास्त! बायकांची हौस काय वर्णावी. विठाबाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या भाकरीवर लोणी घेतलं आणि नवऱ्यानं बघितल्यावर म्हणाली, "संस्थेचं काम हाय, मधी बोलू नगा." शरणम्मा तर काट्यावर चढायच्या दिवशी कमरेला वरवंटा बांधून आली. मलासुद्धा वाटलं, की सरकारची एखादी नवी योजना असेल. दुष्काळात सुकडी मिळाली, आता हे.

आणि तू सगळ्यात आधी चढलीस. नवं लुगडं, केसाला तेल, कपाळ घासून पुसून लख्ख. तुझ्यापुढं कुणाची फॅट जाणार नाही हे तुला ठाऊक होतं आणि त्याचा तुला अभिमान होता. का नसावा? शिवशरणनं आकडा मोठ्यानं वाचला. बायांनी टाळ्या वाजवल्या. तू पदर सावरून हसलीस, मथुरा. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेवढ्यात शरणम्मा पुढं सरली आणि तिच्या कमरेचा वरवंटा सुटून काट्यावर आदळला. "यव्वा!" म्हणून ती बाजूला उडाली. शिवशरण बघतच राहिला. "मावशी, हे काय?" "फॅट वाढवायला रं बाबा. जास्त दर मिळतोय म्हणलास न्हव्हं?" तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. आणि कावऱ्याबावऱ्या पोरानं घाईघाईनं सगळं उलटं सांगितलं. दर मिळायचा नाही, भरायचा. जास्त वजनाचीनं दीडपट. मग जो हशा उठला तो वरवंट्याला होता, पण त्यातला थोडा तुझ्याकडं वळला. मागून कुणीतरी म्हणालं, "मथुरे, तुझं दीडपट गं!" तू किटली उचललीस आणि चालायला लागलीस. आम्हाला वाटलं घरी गेलीस. तू गेलीस ती सडकेवर, तिथून उमरगा, तिथून परंडा, लेकाकडं.

तू गेल्यावर पुढच्या बैठकीत काय झालं ते आता ऐक. मी काहीच ठरवून गेले नव्हते. मी एवढंच म्हणाले, की एक बाई संस्था सोडून गेलीय, तर आधी तिचं बोलू आणि मग पेंडीचं. पहिल्यांदा विठाबाई उठली. तिला बोलताना कधी ऐकलंय का तू? पदर दातात धरून बसणारी बाई ती. पदर सोडला आणि शिवशरणला म्हणाली, "त्या दुष्काळात मथुरेची हाडं मोजता येत होती. तवा तिला दीडपट खायला घातलं का कुणी? मग आता दीडपट का मागता?"

तिनं ते म्हणलं आणि मला पाझर तलावाचं काम समोर दिसायला लागलं. बहात्तरचं साल. आपल्या दोघींच्या अंगावर कातडं तेवढं होतं. मुकादम तुला काडी म्हणायचा, मला वाळकं कणीस म्हणायचा. पाण्याचे डेरे दोन होते, एक आमचा, एक तुमचा. दोघींच्या टोपल्या शेजारी, पण आपण एकमेकींना नावानं हाकसुद्धा मारत नव्हतो. मग एका दुपारी आमचा डेरा फुटला. टँकर यायला सांज होणार होती. सगळ्या नुसत्या जिभा फिरवत बसल्या. तू तुमच्या डेऱ्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलंस आणि टोपली उचलून निघून गेलीस, म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडं बघून प्यावं लागू नये. मी प्याले. सासूबाईंनी आठ दिवस मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. बरंच झालं, आठ दिवस भाकरी थापाव्या लागल्या नाहीत. तू तेव्हा स्वतःची सुकडी निम्मी लेकाला घालायचीस आणि उरलेल्यातली चिमूट मला. पुढं पाऊस आला, ज्वारी आली, आणि तुझं अंग भरत गेलं. गाव म्हणायचं, मथुरेला बरकत आली. तीच बरकत आता काट्यावर गुन्हा झाली होय?

पण शिवशरणही गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, "मावशी, दुष्काळ सगळ्यांनीच काढला. म्या कुणाचा अपमान करत न्हाय. पण उद्या फंडातून जास्त पैसा ज्याच्यावर जाईल, त्याचा भार कुणी उचलायचा? जी बाई जपून राहते तिनं का?" मथुरा, तुला खरं सांगते, हे अगदीच चूक नाही. मी मिश्री लावते. तिनं माझ्या हिरड्या गेल्या. माझ्या दाताचं बिल गंगम्मानं का भरावं? मी तसं म्हणाले मात्र, आणि बैठकीला जत्रेची कळा आली. मिश्रीवालीला जास्त लावा म्हटल्यावर निम्म्या बाया उठल्या. त्या म्हणाल्या, मग पानवालीला लावा. पानवाली म्हणाली, चुलीच्या धुरात जन्म काढतो त्याचं काय, धूर काय तंबाखूपेक्षा कमी हाय? कुणी म्हणालं, जिचा नवरा पितो तिची दुखापत ठरलेलीच, तिला लावा. ती बाई रडायलाच लागली. मग जिची बाळंतपणं जास्त तिला. मग जी आठवड्यातून चार उपास करते आणि चक्कर येऊन पडते तिला. असं करत करत साधा दर भरायला कुणी उरलंच नाही. शेवटी एक शरणम्मा उरली. तिला विचारलं तर म्हणते, "मला कायबी व्यसन न्हाय, मला फकस्त राग येतो." शिवशरण म्हणाला, "रागानं बीपी वाढतं मावशी." हसून हसून सगळ्यांचे डोळे भरले.

हसणं ओसरल्यावर विठाबाईनं पुन्हा तोंड उघडलं. म्हणाली, "माझ्या गायीचं दूध पाणचट. एकटं पाठवलं तर डेअरीवाले परत लावतील. तुमच्या म्हशींच्या दुधात मिसळतंय म्हणून जातंय." शिवशरण म्हणाला, "पण तुम्हाला दर कमीच मिळतो की मावशी." ती म्हणाली, "कमी मिळतो, पर परत येत न्हाय बाबा. परत आलेलं दूध घेऊन घरी जाऊन बघ कसं वाटतंय." तूही अशीच परत लावलेल्या दुधासारखी गेलीस, असं मला वाटलं. शिवशरणलाही वाटलं असावं, कारण तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मथुरामावशींचा आकडा मोठ्यानं वाचला ही चूक माझी. त्यांनीच फंड काढला आणि त्यांनाच म्या चव्हाट्यावर उभं केलं."

ठरलं ते असं. वर्गणी सगळ्यांना सारखी. पण फंडात राहायचं तर वर्षातून एकदा उमरग्याच्या डॉक्टरकडं तपासून घ्यायचं, गाडीभाडं संस्थेचं. काट्याचा आकडा डॉक्टर आणि ती बाई, दोघांतच. वर्षभर मिश्री सोडेल तिला पेंडीचं एक पोतं बक्षीस. शरणम्मानं लगेच विचारलं, की पोतं मिळाल्यावर परत धरली तर चालेल का. शिवशरण काही मनापासून वळलेला नाही, बरं का. "एक वरीस बघू," म्हणाला, "फंड बुडाला तर म्या म्हणलो होतो असं म्हणणार." म्हण बाबा. मलाही ठाऊक नाही तो बुडेल का तरेल. माणसाच्या अंगातलं किती त्याच्या हातातलं आणि किती त्याच्यावर गुदरलेलं, याची रेघ कुठं ओढायची हे मला अजून कळलेलं नाही. शिवशरणला येत असेल, तर तो ओढो. पण ती रेघ सोबतिणीच्या अंगावरून ओढायची नाही, एवढं आमचं ठरलं. मी आता मिश्री दिवसातून एकदाच लावते, हे जाता जाता सांगते. खोटं वाटेल तर माझ्या सुनेला विचार. नको, तिला विचारू नकोस.

शिवशरण परंड्याला येऊन तुझी माफी मागतो म्हणत होता. मीच थांबवलं. तो आला असता तर तू त्याला पिठलं-भाकरी करून घातली असतीस, वर जाताना हातात चिवड्याची पुडी दिली असतीस, आणि सगळं तिथंच चुलीपाशी मिटलं असतं. चार बायांसमोर झालं ते चार बायांसमोरच मिटलं पाहिजे. ते मिटलंय. तुझं नाव संस्थेतून कुणी काढलेलं नाही, तुझी जागा मापाशेजारी आहे तशी आहे. आता यायचं की नाही हे तुझं तू ठरव. परंड्याला नात आहे, किल्ल्यापाशी संध्याकाळी वारा चांगला असतो म्हणतात, तुला करमतही असेल. मी ओढाताण करणार नाही. एवढं मात्र लिहून ठेवते, की तू आली नाहीस तरी न्याय तुझ्या बाजूनं झाला, आणि तो तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे.

आता शेवटचं. तपासणीचं ठरलं तर चेअरमन म्हणून पहिली मीच गेले. डॉक्टरांनी पोट चाचपलं, तोंड बारीक केलं आणि सोलापूरला धाडलं. गर्भाच्या पिशवीला गाठ आहे. साधी आहे म्हणाले, भिण्यासारखं नाही, वेळेत सापडली, पण काढायला हवी. खर्च फंडातून होईल, फंडाची पहिली गिऱ्हाईक मीच झाले. रक्ताच्या दोन बाटल्या हाताशी लागतात. एक माझ्या लेकानं दिली. शिवशरणला कावीळ होऊन गेलीय, त्याचं चालत नाही. सुनेच्याच अंगात रक्त कमी. संस्थेतल्या बाया मोठ्या तोऱ्यात माझ्यासोबत सोलापूरला आल्या, तर तिथंही आधी काटाच. पंचेचाळीस किलोच्या खाली असेल तर बाटली घेत नाहीत. एकेक चढली आणि एकेक तोंड एवढंसं करून उतरली. कमी दराच्या सगळ्या जणी तिथं कमी पडल्या. तू साठीच्या आत आहेस आणि तुझ्या अंगात ताकद आहे. आधी ते तुला नीट तपासतील, तुला सोसणार नसेल तर मीच घेऊ देणार नाही. हे मी पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस, राग तसाच घशात धरून गाडीत बसली असतीस, आणि आयुष्यभर तो गिळत राहिली असतीस. तसं मला नको होतं. तुझा न्याय आधी, माझं दुखणं मागून. तुझं रक्त माझ्याशी जुळतं का ते बघतील. न जुळलं तर रक्तपेढीतून दुसरं बदलून देतात, काम अडत नाही. पण मला आपलं वाटतं, जुळावं. आणि नाही जुळलं, त्यांनी घेतलंच नाही, तरीही ये. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वेणी घट्ट घालून ठेवायला सांगितलीय, आणि सुनेचा हात लई ओढतो.

तुझ्या वाटेकडं कान लावून बसलेली, तुझीच,
रुद्रम्मा